‘होतं’ आणि ‘हॅड’

आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला एक रोगी दर वर्षी मरायचा. डॉक्टर यायच्या आधी. सातवीत मेला, आठवीत मेला, दहावीच्या क्लासला परत मेला. "द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम." इतक्या वर्षांत त्या डॉक्टरांना एकदाही वेळेवर यावंसं वाटलं नाही. तुमच्याही शाळेत हाच रोगी असणार. नसेल तर आपण स्टेशनवर पोचायच्या आधी सुटलेली गाडी असणार, किंवा पोलीस यायच्या आधी पळालेला चोर. पास्ट परफेक्ट शिकवायचा म्हणजे कुणाला तरी उशीर झालाच पाहिजे.

नियम सोपा होता. भूतकाळातल्या दोन गोष्टी. जी आधी घडली तिला ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, जी नंतर घडली तिला दुसरं रूप. संपला विषय. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे माझ्या पिढीला हे बाळकडूसारखंच मिळालं म्हणायचं. गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नात मी ‘हॅड’ कधी चुकलो नाही. पैकीच्या पैकी.

आणि तरीही हा काळ मला खऱ्या अर्थानं कळला तो वयाच्या पंचविशीत, तोही क्लायंटच्या कॉलवर. चांगलाच कळला.

त्या कॉलकडे येतोच. आधी थोडं मराठीबद्दल, कारण चुकीचं मूळ तिथे आहे.

आपल्या ऑफिसातलं इंग्रजी कधी कान देऊन ऐकलंय का? "लास्ट इयर आय हॅड गॉन टू गोवा." "येस्टर्डे आय हॅड चेक्ड विथ डेटाबेस टीम." "आय हॅड सेंट यू अ मेल." रोज सकाळच्या स्टँडअपला अर्धा डझन ‘हॅड’ तरी सहज निघतात. आपल्याला त्यात काही खटकत नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो मात्र क्षणभर अडखळतो. त्याच्या भाषेत गोव्याला नुसतं ‘वेंट’ व्हायचं असतं. ‘हॅड गॉन’ म्हटलं की तो पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. गोव्याला गेला होतास, बरं, मग? कशाच्या आधी? आणि आपण तर तोवर चहाला निघालेलो असतो.

माझी आधी समजूत होती की हे निव्वळ आपलं कच्चं इंग्रजी. पण ते तेवढंच नाही. आपण मराठी अगदी बरोबर बोलतोय, फक्त शब्द इंग्रजी वापरतोय.

समजा तुम्ही संध्याकाळी घरी आलात आणि आई म्हणाली, "काका आले." म्हणजे काका आत बसलेत, दारात चपला आहेत, चहा टाकलाय. आता आई म्हणाली, "काका आले होते." म्हणजे काका गेले. चहा पिऊन गेले, तुझी चौकशी करून गेले, आणि लग्नाचं कुठवर आलं हेही विचारून गेले :) एका ‘होते’मध्ये काकांचं येणं आणि जाणं दोन्ही येतं. आईला "आणि ते गेले" असं वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणजे मराठीतलं ‘होतं’ नुसतं "आधी घडलं" असं सांगत नाही. ते म्हणतं की घडलं, आणि आता त्याचं काही उरलेलं नाही. खिडकी उघडली, म्हणजे वारा येतोय. खिडकी उघडली होती, म्हणजे बहुतेक आता बंद आहे. गोव्याला गेलो होतो म्हणजे परत आलो, हा काय इथे तुमच्यासमोर बसलोय.

याच ‘होतं’ला मराठीत दुसरंही काम आहे. "मी स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी सुटली होती." हे थेट शाळेतल्या रोग्याच्या जातीचं वाक्य. म्हणजे एकच रूप, कामं दोन. प्रोग्रामिंगवाल्यांनी याला ओव्हरलोडेड फंक्शन म्हणावं. कोणतं काम करायचं ते आजूबाजूला काय आहे त्यावरून ठरतं आणि ऐकणाऱ्याचा सहसा गोंधळ होत नाही. इंग्रजीच्या ‘हॅड’ला मात्र यातलं दुसरंच काम येतं. पहिलं येत नाही. आपण ते त्याच्याकडून बळेबळे करून घेतो.

हान्स रायखेनबाख नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्यानं १९४७ सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात काळांची फार सुटसुटीत मांडणी केली आहे. प्रत्येक काळाला तीन वेळा लागतात. एक, मी बोलतोय ती वेळ. दोन, घटना घडली ती वेळ. आणि तीन, मी जिथे उभा राहून त्या घटनेकडे बघतोय ती वेळ. साध्या भूतकाळात दुसरी आणि तिसरी एकच. पास्ट परफेक्टमध्ये तिन्ही वेगळ्या. मी आज बोलतोय, पण मनानं स्टँडवर पोचल्याच्या क्षणी उभा आहे आणि तिथून मागे वळून बघतोय की एसटी गेलेली.

थोडक्यात काय, ‘हॅड’ला टांगायला एक खुंटी लागते. "स्टँडवर पोचलो तेव्हा" ही ती खुंटी. खुंटी न देता ‘हॅड’ वापरला तर वाचणारा आसपासची जी सापडेल त्या खुंटीला तो अडकवतो. त्याचा काय दोष?

तर आता कॉल.

२०२२ सालची गोष्ट. आमचा क्लायंट इंग्लंडातला. एका रात्री त्यांची एक सर्व्हिस बंद पडली. झालं होतं एवढंच की सर्व्हरवर डीबग लॉगिंग चालू राहिलं होतं. ते चालू असलं की सर्व्हिस बारीकसारीक प्रत्येक गोष्ट फाईलमध्ये लिहीत बसते. दोन दिवसांत फाईल फुगली, रात्री २ वाजून १० मिनिटांनी डिस्क भरली, सर्व्हिस झोपली. त्या रात्री ऑन-कॉल होती आमच्या टीममधली सगळ्यात नवी मुलगी, जॉईन होऊन सहा महिने झालेली. अलर्ट आल्यावर तिनं २:३१ ला सर्व्हिस रीस्टार्ट केली. ती परत पडली. मग तिनं डिस्क बघितली, जुने लॉग हलवले, डीबग बंद केलं आणि तीनच्या सुमारास सगळं सुरळीत. एकटीनं, रात्री, न घाबरता. शाबासकी द्यावी असं काम.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. काय झालं, का झालं, पुढे होऊ नये म्हणून काय करणार. मी लिहिलं ते साधारण असं: "द सर्व्हिस वेंट डाऊन ॲट टू टेन. आवर इंजिनिअर हॅड रीस्टार्टेड द सर्व्हिस. डीबग लॉगिंग वॉज एनेबल्ड अँड द डिस्क बिकेम फुल."

मराठीत मनातल्या मनात वाचून बघा. सर्व्हिस बंद पडली. आमच्या इंजिनिअरनं रीस्टार्ट केली होती. डीबग लॉगिंग चालू केलं गेलं आणि डिस्क भरली. मला तरी ठीक वाटलं. रीस्टार्ट ‘केली होती’, कारण ते झालं, संपलं, त्याचा उपयोगही झाला नाही. काका येऊन गेले.

क्लायंटनं हे इंग्रजीत वाचलं. ‘हॅड रीस्टार्टेड’. कशाच्या आधी? जवळची खुंटी एकच, २ वाजून १० मिनिटं. म्हणजे सर्व्हिस पडायच्या आधी आमच्या इंजिनिअरनं ती कुणाला न विचारता रीस्टार्ट केली. तेव्हा डीबग लॉगिंग चालू केलं. म्हणून डिस्क भरली. म्हणून सर्व्हिस पडली. वाक्यं माझीच, क्रम मात्र पूर्ण उलटा. आणि गंमत म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ही गोष्टही अगदी पटण्यासारखी होती.

कॉलवर पहिला प्रश्न आला, या बदलाची परवानगी कुणी दिली? दुसरा प्रश्न, रात्री दोनच्या आधी तुमची इंजिनिअर प्रॉडक्शन सर्व्हरवर काय करत होती? आमचा मॅनेजर गडबडला. "आम्ही तपासून सांगतो," म्हणाला. कॉल संपल्यावर त्यानं मला विचारलं की या मुलीला काही दिवस ऑन-कॉलवरून काढायचं का.

ती दुपारी माझ्या डेस्कपाशी आली. हातात रिपोर्टचा प्रिंटआऊट, त्या एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ. म्हणाली, "दादा, हे वाचून असं वाटतंय की मी आधीच काहीतरी करून ठेवलं होतं. मी तर नंतर आले ना?"

मी म्हणालो, "अगं, तसं नाही लिहिलंय मी." आणि परत वाचलं. तसंच लिहिलं होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी चार-पाच जणांना सांगितली आहे. व्याकरणाची गंमत म्हणून. सगळे हसतात. पुढची फारशी सांगत नाही.

‘हॅड’ जिथे नको तिथे मी घातला, हे खरं. पण जिथे हवा होता तिथे घातला नाही, हेही तितकंच खरं. डीबग लॉगिंग चालू होऊन तोवर दोन दिवस झाले होते. त्या अख्ख्या रिपोर्टमध्ये ‘हॅड’वर खरा हक्क असलेलं वाक्य तेच होतं: "डीबग लॉगिंग हॅड बीन ऑन फॉर टू डेज." आणि ते दोन दिवसांपूर्वी कुणी चालू केलं होतं? मी. एका दुसऱ्या बगसाठी, रीतसर परवानगी घेऊन. काम झालं आणि बंद करायचं राहून गेलं.

मी लिहिलं होतं "वॉज एनेबल्ड". चालू केलं गेलं. कुणी, कधी, काही नाही. कर्मणी प्रयोगाची हीच तर सोय. आणि ‘हॅड’ घातला असता तर लगेच प्रश्न आला असता की दोन दिवस आधीपासून? मग कुणी? साधा भूतकाळ घातला आणि ते वाक्य हळूच त्या रात्रीत सरकलं, जिथे सर्व्हरवर फक्त तीच एकटी होती.

मी हे मुद्दाम केलं का? नाही. शपथेवर नाही. पण अगदी अजाणतेपणी झालं असंही मला म्हणवत नाही. लिहिताना त्या वाक्यापाशी मी दोन मिनिटं थांबलो होतो, एवढं नक्की आठवतंय. मग "असू दे" म्हणून पुढे गेलो. व्याकरण कच्चं असलेला माणूस सगळीकडे सारखाच चुकतो. माझ्या दोन्ही चुका माझ्या बाजूनं पडल्या होत्या.

संध्याकाळी रिपोर्ट परत लिहिला. यावेळी प्रत्येक वाक्याला वेळ दिली आणि शेजारी इंग्लंडची वेळही, म्हणजे त्यावरून नवा घोळ नको. "बाय टू टेन, व्हेन द डिस्क फिल्ड अप, डीबग लॉगिंग हॅड बीन ऑन फॉर टू डेज. आय हॅड टर्न्ड इट ऑन अँड हॅड नॉट टर्न्ड इट ऑफ." मग पुढचं सगळं साध्या भूतकाळात: सर्व्हिस थांबली, अलर्ट आला, इंजिनिअरनं २:३१ ला रीस्टार्ट केली, डिस्क साफ केली. एकदा मागचं सांगून झालं की ‘हॅड’ सोडून द्यायचा असतो, हेही तेव्हाच शिकलो. इंग्रजी वाचणाऱ्याला दोन-तीन ‘हॅड’ पुरतात, पुढे घटना जशा घडल्या तशा ओळीनं सांगितल्या तरी चालतं.

मॅनेजर म्हणाला, "स्वतःचं नाव कशाला घालतोस? रिपोर्टमध्ये व्यक्ती नसते, प्रोसेस असते." त्याचं तत्त्व म्हणून बरोबर होतं. मी म्हणालो, आधीच्या रिपोर्टमध्ये ‘आवर इंजिनिअर’ होतीच की. मग तो काही बोलला नाही.

क्लायंटनं काय केलं? काही नाही. "थँक यू, धिस इज क्लिअर," एवढीच ओळ. डिस्क ८० टक्के भरली की अलर्ट यायची सोय झाली, जुने लॉग आपोआप पुसले जायला लागले, डीबग चालू करायच्या तिकिटावर बंद करायची तारीख लिहिणं सक्तीचं झालं. ती मुलगी ऑन-कॉलवर राहिली. सगळं एका दिवसात मिटलं. मला मात्र बरेच दिवस तिच्याकडे सरळ बघता येत नव्हतं.

यावर विचार करताना मला सारखी आठवत होती ती २०१९ ची गोष्ट.

आमचं घर सांगलीला, गावभागात. आयर्विन पूल १९२९ सालचा. कृष्णेचं पाणी किती चढलं ते आम्ही त्या पुलापाशी मोजतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. मी नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो, ट्रेनिंग चालू होतं. रस्ते बंद, घरची वीज गेलेली, फोनच्या बॅटऱ्या संपलेल्या. दोन दिवस कुणाचाच फोन लागेना. टीव्हीवर आमचा मारुती चौक दिसत होता, म्हणजे दिसत नव्हता, नुसतं पाणी.

मग एका रात्री बाबांचा फोन आला, दुसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवरून. पहिलं वाक्य: "अरे, पाणी आलं होतं घरात."

तुम्हाला सांगतो, त्या एका ‘होतं’नं माझा जीव भांड्यात पडला. आलं होतं. म्हणजे उतरलं. "पाणी आलं" म्हणाले असते तर मी तसाच उठून बाहेर पडलो असतो. पुढे बाबा बरंच बोलले, आजीला आधीच मामाकडे पोचवलंय वगैरे, पण मला जे हवं होतं ते त्या दोन अक्षरांत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजेसाठी मेल लिहिला. "वॉटर हॅड कम इन अवर हाऊस." एचआरच्या बाईंचं लगेच उत्तर, "सो सॉरी! इज इट स्टिल देअर?" अजून आहे का? मला तेव्हा रागच आला. अहो, लिहिलंय की, ‘हॅड कम’! आता कळतं की त्यांचं बरोबर होतं. पाणी गेलं हे माझ्या इंग्रजी वाक्यात कुठेच नव्हतं. ते माझ्या मराठीत होतं.

रस्ता सुरू झाल्यावर घरी पोचलो. आईनं चिखल काढला होता. बाबांनी आणि शेजारच्या काकांनी मिळून आजीचं कपाट बाहेर रस्त्यावर आणून ठेवलं होतं, लाकूड फुगलं होतं. पुस्तकं गेली होती. भिंतीवर स्विचबोर्डाच्या वर पाण्याची रेघ उमटली होती. मी उभा राहून बघत होतो. करायचं ते सगळ्यांनी करून झालं होतं. तेव्हा सुचलं नव्हतं, पण पास्ट परफेक्ट हा असाच काळ आहे. उशिरा पोचणाऱ्याचा. तुम्ही दारात पोचता तेव्हा आतलं सगळं घडून गेलेलं असतं, आणि कुणी आधी काय केलं ते तुम्हाला दुसऱ्यांकडून ऐकून नीट लावून घ्यावं लागतं. रिपोर्ट लिहिणाराही तसाच, उशिरा पोचलेला. निदान त्यानं क्रम तरी नीट लावावा. बदल कसा झाला हे सांगणं म्हणजे शेवटी आधी कोण आणि नंतर कोण हे सांगणं, आणि त्यात एखाद्याची नोकरीही अडकलेली असू शकते.

जुलै २०२१ ला पाणी परत आलं. २०१९ एवढं नाही, पण गावभागात आलंच. वर्क फ्रॉम होममुळे तेव्हा मी घरीच होतो. ४० फुटांची बातमी आली तशी आम्ही फ्रीज, गाद्या, आजीची ट्रंक, माझा लॅपटॉप, सगळं वरच्या मजल्यावर चढवलं. आजी म्हणत होती, "अरे अजून धोक्याचा भोंगा तरी वाजू दे." तिला खुर्चीसकट वर नेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला मेल लिहिला. लिहून झाल्यावर एकदा वाचला आणि बसल्याजागी हसायला आलं. "वी हॅड मूव्ह्ड एव्हरीथिंग अपस्टेअर्स बिफोर द वॉटर केम." पाणी यायच्या आधी आम्ही सामान वर नेलं होतं.

एकदाचे डॉक्टर वेळेवर आले होते.